अपोलो आला, ऋतू आले, मग सूर्याच्या जागी कोण बसलंय? (व्हर्साय, १६६४)

दगडफूल:

बरोक काळातली बागेतल्या मेजवान्यांची, मिरवणुकांची चित्रं पाहताना त्यातले देव आपण पटकन ओळखतो आणि पुढे सरकतो. हातात लायर म्हणजे अपोलो, कपाळावर चंद्रकोर म्हणजे डायना, बकऱ्याचे पाय म्हणजे पॅन. नाव कळलं की चित्र कळलं असं वाटतं. इस्राएल सिल्व्हेस्त्र या फ्रेंच चित्रकाराच्या नऊ एचिंगची, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्रांची, एक मालिका आहे. ती बघताना नाव ओळखून माझं भागेना. तिथे कुठला देव कशावर बसलाय, कोणाकडे तोंड करून उभा आहे आणि त्याला काम काय दिलंय, हे पाहिल्याशिवाय काही उलगडत नाही.

आधी प्रसंग सांगते. मे १६६४. चौदावा लुई पंचविशीत आहे. आज आपण ओळखतो तो व्हर्सायचा राजवाडा अजून उभा राहिलेला नाही. तिथे त्याच्या वडिलांनी बांधलेला शिकारीचा बंगला आहे आणि आंद्रे ल नोत्रने आखायला घेतलेली बाग आहे. या बागेत ७ मेपासून आठवडाभर सोहळा चालला. सहाशेच्या वर पाहुणे होते. नाव होतं ‘मंतरलेल्या बेटावरची सुखं’. कथा घेतली होती आरिओस्तोच्या ‘ओर्लांदो फ्युरिओझो’ या इटालियन महाकाव्यातून: अल्चिना नावाची चेटकीण रुज्जेरो या वीराला आणि त्याच्या सोबत्यांना आपल्या बेटावर मोहात अडकवून ठेवते. आखणी ड्यूक द सेंत-एन्यांची, यंत्रं आणि देखावे कार्लो विगारानीचे, संगीत ल्युलीचं, नाटकं मोलिएरची. सोहळा अर्पण केला होता राजमातेला आणि राणीला. पण तो राजाची प्रेयसी लुईझ द ला व्हालिएर हिच्यासाठी आहे हे सगळ्या दरबाराला माहीत होतं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी, पानाफुलांच्या कमानी उभारलेल्या गोल रिंगणात मिरवणूक आली. राजा स्वतः रुज्जेरो झाला होता. ग्रीक धाटणीचं चंदेरी चिलखत, घोड्यावर आगीच्या रंगाचा साज. त्याच्या मागून अपोलोचा रथ आला. अधिकृत वर्णनात रथाची मापंसुद्धा दिली आहेत: अठरा फूट उंच, चोवीस फूट लांब, पंधरा फूट रुंद. रथावर अपोलोच्या कथांमधले पायथन सर्प, डॅफ्नी, हायसिंथस आणि जगाचा गोल पेलणारा अ‍ॅटलस. अपोलोच्या पायाशी चार युगं बसलेली: सुवर्णयुग, रौप्ययुग, कांस्ययुग, लोहयुग. दोन्ही बाजूंनी बारा तास आणि बारा राशी चालताहेत. रथ हाकतोय काळ.

भाल्याच्या टोकाने कडी उचलण्याची घोडेस्वारांची स्पर्धा झाली, अंधार पडला, दिवे लागले आणि चार ऋतू आले. वसंत घोड्यावर, ग्रीष्म हत्तीवर, शरद उंटावर, हिवाळा अस्वलावर. त्यांच्या मागे माळी, कापणीवाले, द्राक्षं तोडणारे आणि थंडीने गारठलेले म्हातारे, असे अठ्ठेचाळीस जण डोक्यावर खाण्याच्या परड्या घेऊन. मग झाडांनी झाकलेल्या एका हलत्या डोंगरावर बसून पॅन आणि डायना आले. या सगळ्यांनी मिळून राजाचं जेवण वाढलं.

आता रोमन कवी ओव्हिड काढा. ‘मेटामॉर्फोसिस’च्या दुसऱ्या सर्गाची सुरुवात. फेथन आपल्या बापाला, सूर्याला भेटायला त्याच्या महालात जातो. सूर्य पाचूंनी झळकणाऱ्या सिंहासनावर बसलाय. डाव्या-उजव्या हाताला दिवस, महिना, वर्ष, युगं आणि सारख्या अंतरावर उभे तास. शेजारी फुलांचा मुकुट घातलेला वसंत, कणसांच्या माळा घेतलेला ग्रीष्म, तुडवलेल्या द्राक्षांनी माखलेला शरद, पांढऱ्या राठ केसांचा हिवाळा. व्हर्सायच्या बागेत पहिल्या रात्री जी मंडळी आली, ती जवळजवळ हीच. ओव्हिडच्या महालातला सगळा परिवार बागेत उतरवलाय.

फक्त मधलं सिंहासन बदललं आहे. अपोलो रथातून येतो, स्तुतीची कवनं होतात आणि तो निघून जातो. तास, राशी, ऋतू मात्र थांबतात आणि शेवटी ज्या आसनाभोवती गोळा होतात ते आहे राजाचं जेवणाचं टेबल. राजाने अपोलोचं सोंग घेतलेलंच नाही. तो मोहात सापडलेला एक योद्धा आहे. तरी चित्राच्या रचनेत सूर्याची जागा त्यालाच मिळते. माझं म्हणणं एवढंच आहे की या मालिकेतली प्रतीकं नुसत्या सोंगांत शोधली तर हातून निसटतात, ती जागांच्या वाटपात आहेत. तुम्हाला काय वाटतं?

अनुस्वार:

ओव्हिडचा धागा फार आवडला. तो सर्ग वाचलेला होता, पण व्हर्सायशी कधी जोडला नव्हता. एक प्रश्न. इतका झगमगीत सोहळा, सोनं, मशाली, रंगीत कपडे, आणि नोंद मात्र काळ्या-पांढऱ्या एचिंगमध्ये? रंगीत तैलचित्र का नाही केलं? आणि एचिंगमध्ये रात्र दाखवतात तरी कशी?

शाईचा_ठिपका:

तैलचित्र एका भिंतीवर लटकतं. छाप युरोपभरच्या दरबारांत पाठवता येतात. पुढे सिल्व्हेस्त्रच्या या प्लेट, म्हणजे पत्र्यावरून काढलेले छाप, सोहळ्याच्या वर्णनासोबत पुस्तकात आल्या, १६७३ मध्ये, राजाच्या स्वतःच्या छापखान्यातून. राजाच्या इमारती, बागा, संग्रह, लढाया यांच्या मोठ्या छापमालिका सरकारी खर्चाने निघत आणि परदेशी राजदूतांना, राजेरजवाड्यांना भेट दिल्या जात. ज्यांना आमंत्रण नव्हतं, त्यांच्यापर्यंत बाग पोचवायची तर तांब्याचा पत्राच हवा.

आता तंत्राबद्दल, कारण माझं काम याच्याशी संबंधित आहे. पत्र्यावर मेण-राळेचा किंवा वार्निशचा थर देतात, त्यावर सुईने रेघ ओढली की खालचं तांबं उघडं पडतं. पत्रा अ‍ॅसिडमध्ये गेला की तेवढीच रेघ खोल खाल्ली जाते. सिल्व्हेस्त्र मूळचा नान्सीचा, जन्म १६२१. मामा इस्राएल आंरिएने त्याला पॅरिसमध्ये तयार केलं. हा आंरिए एचिंगचा उस्ताद जाक कॅलो याचा मित्र आणि त्याच्या छापांचा प्रकाशक. कॅलोने मऊ मेणाऐवजी तंतुवाद्यं बनवणारे वापरत तसलं कडक वार्निश घेतलं आणि सुईच्या जोडीला तिरकं कापलेलं टोकाचं हत्यार. ते हातात फिरवलं की एकच रेघ बारीक सुरू होऊन मध्ये फुगते आणि पुन्हा बारीक होते. बोटाच्या पेराएवढी माणसंसुद्धा त्यामुळे जिवंत वाटतात. १६६१ मध्ये आंरिए वारल्यावर कॅलोच्या प्लेट सिल्व्हेस्त्रकडेच आल्या. गर्दी कशी मांडायची हे त्याने घरातच शिकलेलं आहे.

रात्र कशी दाखवतात? पत्रा एकदा अ‍ॅसिडमध्ये बुडवायचा, बाहेर काढायचा, जिथे रेघ फिकी हवी तिथे वार्निश लावून ती बंद करायची आणि पुन्हा बुडवायचा. जितक्या वेळा बुडवाल तितकी उरलेली रेघ काळी. म्हणून पुढची माणसं गडद आणि लांबची झाडं पुसट, असे पडदे तयार होतात. आकाशात रेघांवर आडव्या रेघांची जाळी घातली की अंधार, आणि जाळीत कोरा कागद सोडला की उजेड. मशाल काढायची म्हणजे तिच्या भोवतीचं सगळं काढायचं आणि मशाल सोडून द्यायची.

दगडफूल, तुमच्या जागांच्या मुद्द्याला यातून एक पुरावा मिळतो. सिल्व्हेस्त्र मुळात शहरं, वाडे, बागा यांचे देखावे काढणारा माणूस. आकृती मोठी करून तिचा चेहरा रंगवणं हा त्याचा प्रांत नव्हे. तो उंचावरून, लांबून बघतो. त्याच्या प्लेटमध्ये अपोलो नखाएवढा आहे. इतक्या छोट्या देवाचा अर्थ तो कुठे आहे यावरूनच लागणार.

मृण्मयी_क:

सुंदर चर्चा. रथाबद्दल एक. आपल्या डोळ्याला सूर्याच्या रथावर सारथी असणं अगदी स्वाभाविक वाटतं. सूर्याच्या मूर्तीत पुढे अरुण असतोच, मागे दोन हातांत कमळं घेतलेला सूर्य शांत उभा असतो. त्यामुळे ‘रथ हाकतोय काळ’ हे वाक्य वाचून मी तशीच पुढे गेले होते. मग थांबले. ग्रीक-रोमन सूर्याच्या हातात लगाम स्वतःचे असतात ना? फेथनची सगळी गोष्टच त्यावर उभी आहे.

दगडफूल:

अगदी मोक्याच्या जागी बोट ठेवलंत. फेथन बापाकडे मागतो ते एका दिवसासाठी रथाचे लगाम. त्याला घोडे आवरत नाहीत, पृथ्वी होरपळते आणि शेवटी ज्युपिटर त्याला वीज मारून खाली पाडतो. ओव्हिडचा महाल बागेत आणला की ही गोष्टही पाठोपाठ येते, कारण वाचणाऱ्याला पुढचं पान पाठ असतं. राजाच्या सोहळ्यात उलथणारा रथ कोणाला चालेल? म्हणून अपोलोच्या हातातून लगाम काढून काळाच्या हाती दिले असावेत, असा माझा अंदाज. काळ रथ उलथवत नाही. आणि हे काम केलं कोणी, तर मिये नावाच्या राजाच्या खऱ्याखुऱ्या कोचवानाने. रोज राजाची गाडी हाकणारा माणूस आज अपोलोची हाकतोय. प्रेक्षकांत बसलेल्या प्रत्येकाला तो ओळखू आला असणार.

राजाच्या ढालीवर रत्नांचा सूर्य होता आणि लॅटिन बोधवाक्य होतं. त्याचा आशय असा: मी थांबत नाही, मी वाट चुकत नाही. फेथनच्या गोष्टीला याहून नेमकं उत्तर काय असणार!

नांदीकार:

थोडा विरोध नोंदवतो. मी नाटकाच्या बाजूने या सोहळ्याकडे बघतो आणि मला तुमची मांडणी जरा जास्तच बंदिस्त वाटते.

एक तर हे देव म्हणजे मोलिएरची नाटक कंपनी. अपोलो झाला ला ग्रांज. सुवर्णयुग झाली मोलिएरची बायको आर्मांद, डायना झाली मादलेन बेजार आणि पॅन स्वतः मोलिएर. वसंत झालेली मादमुआझेल द्यु पार्क आणि हत्तीवरचा ग्रीष्म, तिचा नवरा, विनोदी नट म्हणून प्रसिद्ध. लोक ‘ग्रीष्म आला’ म्हणण्याआधी ‘अरे, हा तर तोच!’ म्हणाले असतील. प्रतीक आणि नट दोन्ही एकदम दिसतात, आणि जिवंत प्रयोगात नट जिंकतो.

दुसरं म्हणजे ही कवनं कोणाला उद्देशून होती? राणीला. अपोलो आणि युगं मारी-तेरेझची स्तुती करतात. ती स्पेनची राजकन्या, १६५९ च्या तहानंतर झालेल्या लग्नातून आलेली. म्हणजे शब्दांत तरी केंद्रस्थानी राणी आहे.

आणि तिसरं. राजाने अपोलो होणं टाळलं यात नवल नाही, ते त्याचं आधीच करून झालं होतं. १६५३ च्या ‘रात्रीच्या बॅले’त चौदा वर्षांचा लुई उगवता सूर्य होऊन नाचला होता. १६६२ मध्ये त्वीलरीजवळच्या घोडेस्वारीच्या सोहळ्यात तो रोमन सम्राट झाला. आता रुज्जेरो. दरवेळी नवं सोंग हवं, एवढाच हिशेब असेल.

दगडफूल:

नटांबद्दल मान्य, प्रयोगात ते तसंच झालं असणार. पण आपण छापाबद्दल बोलतोय, आणि छापात नट पुसला जातो. सिल्व्हेस्त्रच्या एवढ्याशा आकृतीत ला ग्रांज ओळखू येणार नाही, रथावरचा अपोलो मात्र ओळखू येईल. ज्याने प्रयोग पाहिलाच नाही त्याच्यासाठी फक्त मांडणी उरते. मोलिएरचा आवाज, ल्युलीची व्हायोलिनं, राणीला उद्देशून म्हटलेली कवनं, यातलं काहीच तांब्यावर येत नाही. म्हणून राणीचा मुद्दा शब्दांत खरा असला तरी चित्रात तो टिकत नाही.

तुमच्या तिसऱ्या मुद्द्यातून मला उलट दिशा दिसते. चौदाव्या वर्षी तो सूर्याचा पोशाख घालतो. चोविसाव्या वर्षाच्या आत, १६६२ च्या त्या सोहळ्यात, सूर्य ढालीवर जातो. पंचविशीत अपोलो दुसऱ्याला देऊन टाकतो आणि तरीही ऋतू त्याच्याच टेबलाशी येतात. सोंग घेण्याची गरज हळूहळू संपत चालली आहे. याला मी योगायोग म्हणणार नाही.

मेजवानीची प्लेट पुन्हा बघा. टेबल चंद्रकोरीच्या आकाराचं आहे. त्याच्या मागे मुखवटे घातलेले मशालवाले उभे. वर्णनात आकडा आहे दोनशे, पांढऱ्या मेणाच्या दोनशे मशाली. ऋतूंच्या परड्या, पॅन आणि डायनाची शिकार, सगळं त्या कोरीच्या आतल्या बाजूने येतंय. प्राचीन देवांचा इतका व्यवहारी उपयोग मी दुसऱ्या कुठल्या चित्रात पाहिलेला नाही. हिवाळ्याचे गारठलेले म्हातारे बर्फ घेऊन आलेत, आणि ते बर्फ पाहुण्यांना लागणारच आहे!

कुंकुमकेशर:

वाचतेय. अल्चिनाबद्दल कोणीतरी लिहा ना. ती प्राचीन ग्रीक-रोमन नाही, मग तिचं यात काय काम?

वाटाड्या:

प्रयत्न करतो. अल्चिना आरिओस्तोची, म्हणजे सोळाव्या शतकातली. पण तिच्या मागे होमरची सर्सी उभी आहे. सर्सी माणसांची डुकरं करते. अल्चिना कंटाळा आला की आपल्या प्रियकरांची झाडं, झरे, जनावरं करून टाकते. रुज्जेरो बेटावर उतरतो तेव्हा मेंदीसारख्या एका झुडपातून माणसाचा आवाज येतो, ते झुडूप म्हणजे आधीचा प्रियकर अस्तोल्फो. हा प्रसंग आरिओस्तोने व्हर्जिलकडून उचललाय. ‘ईनिड’च्या तिसऱ्या सर्गात ईनिअस फांदी तोडतो आणि तिच्यातून रक्त येतं, तो पॉलिडोरस. सर्सीवर उतारा म्हणून ओडिसियसकडे देवाने दिलेली मुळी आहे, रुज्जेरोकडे मेलिसाने आणलेली अंगठी. तेव्हा अल्चिनाच्या बेटावर प्राचीन साहित्य भरलेलंच आहे, फक्त एका पिढीच्या आडून.

आणि हे बागेत का, याचाही विचार करा. ल नोत्रच्या बागेत झाडं कापून भिंती केल्यात, कमानी केल्यात, पाण्याला गोल आकार दिलाय. जिथे झाड म्हणजे कदाचित माणूस, अशी गोष्ट सांगायला याहून चांगली जागा नाही.

तिसऱ्या दिवसाच्या प्लेट माझ्या सगळ्यात आवडीच्या. बागेच्या मुख्य वाटेच्या टोकाला गोल तळं आहे, तेराव्या लुईच्या काळात खोदलेलं. त्यात अल्चिनाचा महाल उभा केला. ती जलराक्षसावर बसून काठापर्यंत आली, दोन बाजूंना देवमाशांवर दोन अप्सरा. मग महालात नाच: राक्षस, बुटके, योद्धे, भुतं. शेवटी अंगठी बोटात गेली, वीज कडाडली आणि अख्खा महाल शोभेच्या दारूत उडाला. सिल्व्हेस्त्रची शेवटची प्लेट ती आहे. शाईचा_ठिपका म्हणाले तसं कोरा कागद सोडून केलेला उजेड बघायचा तर तिथे. पाण्यातही तो उजेड पडलाय.

आता यातली विलक्षण गोष्ट. ज्या तळ्यात चेटकिणीचा महाल जळाला, त्याच तळ्यात काही वर्षांनी शिल्पकार जाँ-बातिस्त त्युबीने चित्रकार ल ब्रनच्या आराखड्यावरून केलेला अपोलोचा रथ बसवला गेला. शिशाचा, वर सोन्याचा मुलामा. घोडे पाण्यातून उसळून वर येताहेत. आजही तो तिथेच आहे आणि त्या रथात लगाम अपोलोच्याच हातात आहेत, काळ नाही.

दगडफूल:

वाटाड्या, हे जोडून दिल्याबद्दल मनापासून आभार. १६६४ मध्ये थोड्या दिवसांसाठी लाकूड-कापडाने केलेली मांडणी पुढच्या दहा वर्षांत दगड, शिसं आणि पाण्यात पक्की होत गेली. १६७४ मध्ये व्हर्सायचं वर्णन करताना फेलिबियां या लेखकाने लिहून ठेवलंय की सूर्य हे राजाचं चिन्ह आणि कवी सूर्य व अपोलो एकच मानतात, म्हणून या वास्तूत त्या देवाशी नातं नसलेलं काहीही नाही. त्या विधानाचा कच्चा खर्डा मला सिल्व्हेस्त्रच्या प्लेटमध्ये दिसतो.

नांदीकार:

एवढं ऐकल्यावर मेजवानीची प्लेट मी तुमच्या नजरेने पुन्हा बघेन, पण छापाने काय काय गाळलं याचीही नोंद इथे असू द्या. आठवडाभराचा सोहळा, आणि प्लेट फक्त पहिल्या तीन दिवसांच्या. ११ मेला मोलिएरच्या ‘ले फाशो’चा प्रयोग झाला. हेच नाटक १६६१ च्या ऑगस्टमध्ये अर्थमंत्री फुकेने व्हो-ल-व्हिकोंत इथल्या त्याच्या बागेतल्या मेजवानीत पहिल्यांदा करवलं होतं. तीन आठवड्यांत फुकेला अटक झाली. ल नोत्र, ल ब्रन, मोलिएर, सगळे तिथूनच व्हर्सायला आले, आणि सिल्व्हेस्त्रने व्होच्या बागेचीही एचिंग केलेली आहेत. १२ मेला त्याचंच ‘तार्त्युफ’ पहिल्यांदा खेळलं गेलं आणि लगेच त्याच्या जाहीर प्रयोगांवर बंदी आली. त्याची प्लेट नाही.

फुकेच्या खटल्यातला एक न्यायाधीश ओलिव्हिए द ओर्मेसाँ. त्याच्या रोजनिशीत या सोहळ्याबद्दल लिहिलंय की दरबारी चिडले होते, राजाने कोणाची सोय पाहिली नाही, गीझ आणि एल्बफसारख्या बड्या सरदारांनाही डोकं टेकायला धड जागा मिळाली नाही. यातला गीझ तर मिरवणुकीत योद्धा होता. जागांच्या वाटपाबद्दल बोलायचं तर हेही वाटपच.

शाईचा_ठिपका:

+१. आणि सिल्व्हेस्त्रच्या प्लेटमध्ये पुढच्या कडेला जे पाठमोरे प्रेक्षक असतात ना, गडद रेघांचे, त्यांच्याकडे मी आता वेगळ्याने बघेन. त्यात यातले काही असतील.

अनुस्वार:

प्लेट मोठ्या करून कुठे बघता येतील?

दगडफूल:

फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गॅलिका’ संकेतस्थळावर आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या संग्रहात शोधा. सिल्व्हेस्त्र आणि १६६४ एवढं टाकलं की पुरे. आधी ऋतूंच्या आगमनाची प्लेट उघडा, तिच्यातला हत्ती सापडला की बाकीचे आपोआप सापडत जातात. मग मेजवानीची. शेवटची आतषबाजीची प्लेट पडद्याचा उजेड पूर्ण वाढवून बघा, नाहीतर आकाशातल्या जाळीच्या रेघा एकमेकींत मिसळून नुसता काळा डाग दिसतो.

१६६८ च्या जुलैतला सोहळा जाँ ल पोत्रने पाच प्लेटमध्ये केलाय. तिथे जेवणाच्या मंडपात पंखांचा घोडा पेगॅसस, अपोलो आणि म्यूझ (कलांच्या देवता) थेट टेबलाच्या मध्यभागी डोंगर करून बसवलेत. त्यावर वेगळा धागा काढते. नांदीकार, तिथे तुमचा विरोध मला आधीपासूनच हवा आहे.